सावित्रीकाठचे अबकारी दप्तर

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांचा इतिहास लिहावयास बसलेल्या माणसाची लेखणी स्वाभाविकपणेच रायगडाकडे आणि चवदार तळ्याकडे वळते. १६७४ चा राज्याभिषेक आणि १९२७ च्या २० मार्चचा सत्याग्रह यांनी या मुलुखाला जे स्थान मिळवून दिले आहे, त्यापुढे बाकीचे सारे फिके वाटावे हे योग्यच होय. उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव, पोलादपुरास कवींद्र परमानंदांची समाधी, आणि १७९६ साली नाना फडणविसांनी हातचा गेलेला कारभार परत मिळविण्यासाठी जेथे बसून मसलती केल्या ते गावही महाडच. अशा थोर सावल्यांखाली दारू, अफू आणि गर्द यांची गोष्ट सांगावयास घेणे कोणास अप्रशस्त वाटेल. परंतु एखाद्या मुलुखातील तरुण पोर केव्हा आणि कशाने वाया गेले, याचा तपास पोवाड्यांतून लागत नाही. तो मक्त्याच्या, परवान्याच्या आणि जप्तीच्या कागदांतून लावावा लागतो, आणि तसा तो लावू गेल्यास जी संगती दिसते ती आपल्या नेहमीच्या नीतिपाठाहून बरीच निराळी आहे.

सावित्री महाबळेश्वरी उगम पावून पोलादपुरावरून महाडास येते, तेथे गांधारीला पोटात घेते आणि बाणकोटच्या खाडीने समुद्रास मिळते. देशावरचा माल वरंधाच्या आणि पारच्या घाटांनी बैलांच्या पाठीवर उतरावा, महाड-दासगावास गलबतांत चढावा, आणि परतीच्या बैलांनी मीठ, सुकी मासळी व नारळ घाटावर न्यावेत, असा या बंदराचा शतकानुशतकांचा क्रम होता. १८७६ साली आंबेनळीचा घाट, ज्यास त्या वेळी फिट्झजेराल्ड साहेबाचे नाव होते, गाडीच्या वाहतुकीस खुला झाला, तेव्हा महाबळेश्वर आणि पोलादपूर एका सडकेने जोडले गेले. सडक आणि खाडी यांच्या बेचक्यात वसलेल्या गावाला एक अडचण जन्मतःच चिकटलेली असते: ते गाव स्वतः फारसे काही पिकवीत नाही, पण जगात जे जे विकले जाते ते त्याच्या दारावरून जाते.

पेशवाईत या प्रांती दारूचे काय होते, हे सांगताना एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. जुन्या राज्यात लोक सोवळे होते आणि इंग्रजांनी येऊन त्यांना दारू शिकविली, असे म्हणणारे जितके चुकतात तितकेच, इंग्रजांनी येऊन रयतेस शिस्त लावली असे म्हणणारेही चुकतात. न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांचा जो परामर्श १९०० साली घेतला, त्यावरून असे दिसते की, पेशवे सरकार मद्यविक्रीस प्रतिबंध करीत होते, कोकणातील भंडारी-कोळ्यांसारख्या जातींना सवलत देत होते, आणि दारूपासून खजिन्यास येणारी जमा नगण्य होती. प्रतिबंध होता तो ब्राह्मणी राज्याच्या धर्मकल्पनेतून. आणि तो डोंगरातल्या कातकऱ्याच्या झोपडीपर्यंत पोहोचत असेल असे मानण्यास जागा नाही. तेथे मोहाचे फूल फाल्गुन-चैत्रात गळे, ते वाळवून ठेवीत, दुष्काळाच्या दिवसांत भाजून खात, आणि त्यातले काही मडक्यात आंबवून लग्नाला, देवाला, मयताला आणि शिमग्याला गाळीत. त्या दारूला किंमत नव्हती, कारण ती विकावयाची नव्हती. तिला वेळ ठरलेली होती, जागा ठरलेली होती आणि पिणाऱ्याच्या शेजारी त्याचा चुलता, मामा, जातीचा म्होरक्या बसलेला होता. ही निर्व्यसनी अवस्था होती असे मी म्हणत नाही. कर्जात आणि दारूत बुडालेले कातकरी तेव्हाही असतील. पण सोळा वर्षांच्या पोराने एकट्याने, कोणाच्या नकळत, स्वतःच्या खिशातील पैसा टाकून नशा करावी, अशी सोयच त्या व्यवस्थेत नव्हती.

ती सोय निर्माण झाली त्या सालाचे नाव सांगता येते. १८७८ या एकाच वर्षी हिंदुस्थानचा अफूचा कायदा, मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आणि हिंदुस्थानचा जंगल कायदा असे तीन कायदे जारी झाले. तिघांचे मसुदे निरनिराळ्या कचेऱ्यांत तयार झाले असतील. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाच्या अंगावर ते एकदमच येऊन पडले. खैराचा कात काढून जगणाऱ्या कातकऱ्याचे झाड एका कायद्याने सरकारजमा झाले, त्याचे मडके दुसऱ्याने गुन्ह्यात जमा झाले. मुंबई इलाख्याची अबकारी ज्यांनी नव्याने बांधली ते चार्ल्स प्रिचर्ड हे मीठ, जकात आणि अफू यांचेही अधिकारी होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे; रयतेच्या आरोग्याशी संबंध असलेले कोणतेही खाते त्यांच्या हाताखाली नव्हते. धोरण असे की, गावोगावच्या लहान भट्ट्या मोडाव्यात, दारू एखाद्या मध्यवर्ती ठिकाणी सरकारी देखरेखीखाली गाळावी, तिच्यावर गॅलनमागे कर बसवावा, आणि दुकानांचे मक्ते लिलावाने द्यावेत. ठाणे आणि कुलाबा (म्हणजे आजचा रायगड) यांच्या किनाऱ्यास हे मध्यवर्ती ठिकाण म्हणजे उरण. तेथील भट्ट्या मुख्यतः पारशी मालकांच्या होत्या, आणि त्यांत आंबणारे मोहफूल गुजरातेतून, पंचमहालाकडून येत असे.

आपल्या अंगणात मोहाचे फूल गळत असताना पंचमहालच्या फुलाची, उरणास गाळलेली, कर भरलेली दारू महागात विकत कोण घेईल? सरकारास हा प्रश्न पडला आणि त्याचे उत्तर त्याने मोठ्या तर्कशुद्धतेने दिले: अंगणातले फूलच बेकायदा करावे. १८८० च्या दशकात हा विचार प्रथम पुढे आला तेव्हा, हे फूल गरिबांचे अन्न आहे, असा आक्षेप निघून तो मागे पडला. परंतु १८९२ साली ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांना उद्देशून मोहफुलांचा कायदा अखेर झालाच, आणि झाडाखाली पडलेले फूल वेचून घरात साठविणे हा परवान्याचा विषय झाला. आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला इंग्रजी अमदानीतील अनेक मान आले असतील, पण एका फुलावर स्वतंत्र कायदा होण्याचा हा मान विरळाच. स्वातंत्र्यानंतर या विषयाचे नियम १९५० साली नव्याने झाले आणि फुलावरचा निर्बंध चालूच राहिला; तो सैल करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला तो २०२१ मध्ये. फूल सुटावयास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

दारूचे दुकान आले, आणि त्याच्या जोडीला गांजा-अफूचे परवानेही आले. १८९३-९४ साली सरकारने गांजा, भांग व चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने देशभर ११९३ साक्षी नोंदविल्या आणि निष्कर्ष असा काढला की, माफक सेवनापासून विशेष अपाय नाही, म्हणून बंदी न घालता कर घ्यावा. अफूच्या चौकशीसाठी लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली जो शाही आयोग येऊन गेला, त्याचाही सूर हाच. या अहवालांना केवळ स्वार्थी म्हणून फेटाळणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. गोसाव्याची चिलीम, पहिलवानाची भांग, म्हाताऱ्याच्या सांधेदुखीची अफूची गोळी यांपासून समाज कोसळत नव्हता हे आयोगाचे निरीक्षण बहुधा खरेच होते. त्याच्या नजरेतून निसटला तो बदलत चाललेला ग्राहक. आणि हा ग्राहक त्या वेळी बोटीत बसून मुंबईच्या वाटेवर होता.

महाड-पोलादपूरचा माणूस मुंबईस गेला तो गिरणीत आणि गोदीत. गावकीच्या खोलीत पंधरावीस जण पाळीपाळीने निजत, खानावळवालीकडे जेवत, आणि महिन्याच्या पगारातून मनीऑर्डर करीत. ज्याने आयुष्यात कधी नगद पैसा हाती धरला नव्हता, अशा अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या हाती पगार पडू लागला, आणि नेमक्या त्याच वेळी चुलता, मामा व जातीचा म्होरक्या ही मंडळी शंभर मैल मागे राहिली. तरुणांच्या व्यसनाचा उगम शोधणाऱ्यांनी चित्रपट, संगत, पाश्चात्त्य वारे अशी अनेक कारणे आजवर दिली आहेत. माझ्या मते या मुलुखापुरते तरी मूळ कारण हे एवढेच आहे की, पैसा आधी पोहोचला आणि वडीलधारा पोहोचला नाही.

मुंबईच्या गिरणी कामगारांच्या चाळींतला सर्वांत लहान अफूबाज मात्र पाळण्यात होता. आई दिवसभर गिरणीच्या कुकडीखात्यात उभी, घरी मूल सांभाळावयास कोणी नाही, तेव्हा सकाळी त्याच्या तोंडात अफूची बाळागोळी घालावी आणि त्याने संध्याकाळपर्यंत निजावे, हा रिवाज इतका सार्वत्रिक होता की, १९२० च्या सुमारास गिरण्यांतील स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्सबाईंनी अशा बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ जणांना अफू दिली जाते असे नमूद केले. हा आकडा अतिशयोक्त असेल असे गृहीत धरून निम्मा केला तरी अंगावर काटा येतो. या बायांना दोष देण्याचा अधिकार निदान त्यांना तरी नव्हता, ज्यांच्या परवान्याच्या दुकानातून ती अफू येत होती आणि ज्यांच्या गिरणीत पाळणाघर नव्हते. १९२४ साली मुंबईत मुलांचा कायदा झाला, १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. रस्त्यावर सापडलेल्या, पळून आलेल्या, चोरीत धरलेल्या मुलांची निराळी नोंद तेव्हापासून होऊ लागली. अफूचे तोंडी सेवन दहा वर्षांत बंद करण्याचे ठरले ते स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या परिषदेत. त्याची अखेरची मुदत ३१ मार्च १९५९ होती.

मराठी वाङ्मयाने या विषयाकडे पाहिले ते नेहमी वरच्या मजल्यावरून. गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ १९१९ साली, कर्त्याच्या मृत्यूनंतर महिन्याभरात रंगभूमीवर आला आणि त्याने सुधाकराच्या रूपाने मद्यपी माणसाचा अधःपात मराठी प्रेक्षकाच्या हृदयात कायमचा कोरला. परंतु सुधाकर वकील आहे, त्याचा अधःपात हा उंचीवरून झालेला अधःपात आहे, आणि म्हणूनच तो शोकांत होऊ शकतो. ज्याच्यापाशी पडावयास उंचीच नाही, अशा पोराची कथा लिहिण्यास मराठीला १९६५ पर्यंत थांबावे लागले, जेव्हा भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाक्या’ने चाळीच्या नाक्यावर उभ्या असलेल्या टपोरी मुलांना त्यांच्याच भाषेत बोलते केले आणि त्याबद्दल सभ्य समाजाकडून भरपूर शिव्या खाल्ल्या. त्यांतील काळोख अनेकांना अश्लील वाटला. मला तो अपुरा वाटतो, कारण त्या नाक्यावरची कितीतरी मुले ज्या गावांहून आली होती ती गावे त्या कथांत दिसत नाहीत. आणि कोकणावर लिहिणाऱ्यांना माड आणि समुद्र यांची इतकी ओढ की, घाटाच्या पायथ्याचा, समुद्र न दिसणारा हा कोकणपट्टा त्यांच्या दृष्टीतून वगळलाच जातो.

पण मी पुढे गेलो. त्याआधी दारूबंदी आली. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा, संपूर्ण बंदीचा अंमल एप्रिल १९५० पासून, आणि तिच्या मागे मोरारजी देसायांची अढळ निष्ठा. गांधीजींच्या शिकवणीतून निघालेल्या या कायद्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण हेतू शुद्ध असल्याने कायद्याचे परिणाम शुद्ध होत नाहीत. परवान्याची दुकाने बंद झाली आणि काळा गूळ व नवसागर यांची हातभट्टी ओढ्याओढ्यांच्या काठी पेटली. बंदीतून वाट काढण्यासाठी कोणी टिंक्चर प्याले, कोणी सुतारकामाचे फ्रेंच पॉलिश प्याले, आणि औषधांतील मद्यार्काचा प्रश्न तर १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन तेथे कायद्याची काही कलमे रद्द ठरली. मोटारीच्या रबरी ट्यूबमध्ये भरलेली दारू एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याच्या कामास पोरे सोयीची पडत, कारण पोर पकडले गेले तर त्याची रवानगी तुरुंगात न होता बालगृहात होई. नशेच्या धंद्यात मुलगा ग्राहक होण्यापूर्वी हमाल झाला. १९६० च्या दशकात सरकारने बंदी सैल केली, परवाने पुन्हा सुरू झाले, खजिन्यात उत्पादन शुल्क पुन्हा येऊ लागले. धंदा शिकलेली पोरे मात्र कोणत्याही शासननिर्णयाने विसरती झाली नाहीत.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि तो संप कधी मिटला असे सांगण्याजोगी तारीख इतिहासाजवळ नाही. कामगारांपैकी असंख्य लोक बिऱ्हाड मोडून गावी परतले. त्यांत घाटाखालच्या या तालुक्यांचेही होते. मागे मुंबईत राहिली ती त्यांची वयात आलेली मुले, ज्यांना गिरणी मिळणार नव्हती आणि शेती येत नव्हती. याच सुमारास, इराणातील राज्यक्रांती आणि अफगाणिस्तानातील युद्ध यांनी अफूच्या वाटा बदलून टाकल्यामुळे, पाकिस्तानमार्गे येणारी अशुद्ध हेरॉइन मुंबईत स्वस्त झाली. तिलाच लोक ब्राऊन शुगर किंवा गर्द म्हणू लागले. चांदीच्या कागदावर पुडी ओतायची, खालून काडी धरायची, धूर नळीने ओढायचा. पहिल्या काही दिवसांतच शरीर तिचे गुलाम होते, आणि पुडी चुकली की ‘टर्की’ लागते: हाडे मोडल्यासारखी दुखतात, नाक-डोळे वाहतात, पोट सुटते, आणि माणूस आईच्या गळ्यातले मंगळसूत्रही ओढतो. संपाने गर्द आणली नाही, ती स्वतंत्र वाटेने आली. मात्र ती आली तेव्हा तिला रिकामी पोरे हवी होती आणि गिरणगावात ती तयार होती.

मुलगा बिघडला की त्याला गावी धाडावे, हा मुंबईकर कोकण्याचा जुना उपाय. आजोळी राहील, मोकळी हवा खाईल, सुधारेल. गर्दच्या बाबतीत हा उपाय उलटाच पडे, कारण टर्की लागलेल्या मुलाचे काय करावयाचे हे आजीला ठाऊक नसे. तिला वाटे भूत लागले, आणि मग भगताची हजेरी लागे. १४ नोव्हेंबर १९८५ पासून अंमली पदार्थांचा केंद्रीय कायदा लागू झाला आणि जुनी अफू, जुना गांजा, नवी हेरॉइन हे सारे एकाच कठोर दंडाखाली आले. केवळ भांग सुटली. गर्दच्या आहारी गेलेल्या मुलांविषयी अनिल अवचटांनी ‘गर्द’ या पुस्तकात लिहिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्यांनी व डॉ. अनिता अवचटांनी, पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने, पुण्यात मुक्तांगण सुरू केले. शंभर वर्षांच्या या कथेत व्यसनी माणसाला करदाता, आरोपी किंवा पापी न मानता रोगी मानणारी ही व्यवस्था मला प्रथम येथे भेटते. ती सरकारी कचेरीतून निघाली नाही, हेही नोंदले पाहिजे. महाड-पोलादपुराच्या आईबापांना तेथवर जावयाचे तर वरंधा चढून जावे लागे, ज्या घाटाने पूर्वी बैल उतरत.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाडजवळ, बिरवाडीच्या परिसरात, रसायनांची औद्योगिक वसाहत वाढली. रंगद्रव्ये, औषधांची मूलद्रव्ये, त्यांची मधली संयुगे येथे तयार होऊ लागली, सावित्रीच्या पाण्याविषयी तक्रारी सुरू झाल्या, आणि ज्या मुलुखाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे बाहेर धाडली तेथे कारखान्यांचे भोंगे वाजू लागले. स्थानिक मुलाला काम मिळाले; बहुतेक ठिकाणी ते ठेकेदारामार्फत मिळाले, म्हणजे पगार आला आणि उद्याची शाश्वती आली नाही. दरम्यान जगातील नशेचे रूपच पालटले होते. खसखशीचे शेत, गांज्याची लागवड, मोहाचे झाड यांची गरज उरली नव्हती. भट्टीच्या जागी अणुभट्टीएवढे स्वच्छ दिसणारे पोलादी पात्र, आणि गुत्तेदाराच्या जागी रसायनशास्त्राचा पदवीधर आला. मेफेड्रोन, ज्याला पोरे ‘एमडी’ म्हणतात, भारतात निषिद्ध यादीत आले ते २०१५ च्या फेब्रुवारीत. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी त्याचा प्रचंड साठा पकडला तो कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत. आणि २०२५ च्या जुलै महिन्यात रायगड पोलिसांनी महाडच्या वसाहतीतील एका कारखान्यातून कोट्यवधी रुपये किमतीचे केटामाइन जप्त केले.

केटामाइन हे मुळात भूल देण्याचे औषध. श्वासोच्छ्वास फारसा न दडपणारे असल्यामुळे, जेथे भुलीचे यंत्र नाही अशा लहान रुग्णालयांचा तो मोठा आधार. २०११ पासून ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. ज्या जिल्ह्यात १८९२ साली झाडाखालचे फूल वेचण्यास परवाना लागत होता, त्याच जिल्ह्यातून आता नशेचा माल बाहेर जाऊ लागला, ही या दप्तरातील नवी बाब होय. आजवर या दप्तरात महाड दिसते ते अशा मालाचे गिऱ्हाईक म्हणून, फार तर वाट म्हणून. त्या भावाचा माल पोलादपूरच्या पोरासाठी नसणार, तो महानगरांतील श्रीमंत मेजवान्यांसाठी किंवा परदेशासाठी असणार, असे मानण्यास हरकत नाही. पोलादपूरच्या पोराला अद्याप हातभट्टी आहे, २०१२ पासून राज्यात बंदी असूनही हवा तेथे मिळणारा गुटखा आहे, आणि औषधाच्या दुकानातील खोकल्याची बाटली आहे. २००८ च्या सरकारी आदेशाने गावातील निम्म्या स्त्रियांनी आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीला, मत दिले तर परवान्याचे दुकान बंद करता येते, आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी बायकांनी ते करून दाखविले आहे. हातभट्टीवर, गुटख्यावर किंवा वसाहतीतील पोलादी पात्रावर मतदान घेण्याची तरतूद त्या आदेशात नाही. दारूचे काम राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे, औषधांचे अन्न व औषध प्रशासनाकडे, कारखान्याच्या सुरक्षिततेचे कारखाने निरीक्षकांकडे, सांडपाण्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि जप्तीचे पोलिसांकडे, अशी कामाची वाटणी आहे, आणि प्रत्येकाचे दप्तर निराळ्या कपाटात आहे.